दिव्यानीला विचारायचा प्रश्न

६ एप्रिल
जयंतीच्या व्याख्यानमालेत यंदा दिव्यानी. डॉक्टर दिव्यानी! मीच बारावीला शिकवलेली. विषय : सस्तन प्राण्यांच्या जाती कशा वाढल्या, कशा संपल्या. माझाही पीएचडीचा विषय तोच. नोंदणीला अकरा वर्षं झाली. समितीने सिंदेवाहीतल्या सिंदेवाहीत मला विचारलं नाही. असो. राग नाही.
संकल्प : व्याख्यान संपलं की एकच प्रश्न. तिची बोलती बंद.

७ एप्रिल
तिचा पेपर डाऊनलोड केला. म्हणते, प्राण्यांत चढाओढ असतेच, पण लाखो वर्षांत हवामान पालटतं, जंगल हटतं, गवत पसरतं, आणि हरणारा जिंकायला लागतो. छ्या! हवामान ही ढ पोरांची सबब. खरी ती स्पर्धाच.
उरलेली पानं उद्या. त्रेचाळीस डिग्री. डोकं चालत नाही.

९ एप्रिल
काल वाचन नाही. ऊन.

१० एप्रिल, दुपार
बायको म्हणाली, जळून काऊन राह्यले जी, पोरगी तर तुमच्याच हाताखालून गेली. सत्यशीलेला संशोधनातलं कळत नाही. कूलरचं पाणी संपलं, अभ्यास थांबला.

१२ एप्रिल, सकाळ
प्रश्न तयार. "मॅडम, ऊन सगळ्यांना सारखंच. मग एक जात टिकते, दुसरी का संपते?" आरशासमोर तीनदा म्हटला. जबरदस्त.

१३ एप्रिल
काल विहाराचा हॉल खच्चून भरला होता. मी पहिल्या रांगेत, कूलरसमोर. दिव्यानी उभी राहिली. मी डोळे मिटून एकाग्र झालो. टाळ्यांनी जाग आली. लगेच उठून खणखणीत प्रश्न टाकला.
हॉल हसला. ती नाही हसली. म्हणाली, सर, त्याच्यावरच तर बोलली मी इतका वेळ. ऊन सारखं असते, दात सारखे नसतात. गवत ज्याला चावता आलं, तो राह्यला. मग खाली येऊन जयभीम केला. हरलं की माणूस नम्र होतो.

१५ एप्रिल
लॅबवाला राजदीप भेटला. म्हणे, त्या टाळ्या तुमच्यासाठीच होत्या, सर. मॅडम सांगत होत्या, बारावीत सरांनी बकरीचा जबडा आणला, दातांवर बोट फिरवायला लावलं, तिथूनच माझं सुरू झालं. तुमी घोरून राह्यले होते. झोप मोडू नये म्हणून त्या हळू बोलल्या.
जबडा? मला आठवत नाही. सत्यशीलेला आठवतो. तो मी तिच्या कुकरमध्ये उकळला होता.
दिव्यानीला फोन करावा म्हटलं. नंबर राजदीपकडे आहे. मागायची लाज वाटली.