मधल्या माणसांना वगळून

४ जानेवारी
संकल्प: यंदा बाबांना जहाज. बाबा एकोणतीस वर्षं मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये होते. अगदी त्याच जहाजाचं मॉडेल किट कोपऱ्यावरच्या हॉबी शॉपमध्ये आलंय. तीनशे बारा तुकडे, चिकटवत जायचे. बाबांनी खिडकीपाशचं टेबल मोकळं करून चिमटा, कानस, भिंग मांडूनही ठेवलं. डॉक्टर म्हणाले, हाताची थरथर वाढत जाणार, बारीक काम दोन-तीन महिन्यांत उरकून घ्या. म्हणजे भरपूर वेळ आहे.

५ जानेवारी
दुकानात किंमत चार हजार आठशे. कारखान्याच्या वेबसाइटवर बाराशे. चार पट! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. दुकानदार बाबांना चांगला ओळखतो, तरी त्याला जाब विचारला. त्याने बोटांवर मोजून दाखवलं: कारखाना, निर्यातदार, जहाजभाडं, आयातदार, ड्युटी, डिस्ट्रिब्युटर, मग तो स्वतः. प्रत्येकाचं थोडं थोडं. म्हटलं, यात तुम्ही काय करता? म्हणाला, मी डबा उघडून बघतो. हसू कसंबसं आवरलं.

९ जानेवारी
निर्णय! थेट कारखान्याकडून मागवणार. कमीत कमी चोवीस डबे घ्यावे लागतात. हरकत नाही, उरलेले तेवीस दुकानाच्या निम्म्या भावात विकेन. समाजसेवाच ती. ही म्हणाली, अहो, एक आणायचं होतं ना? बाबांना चार्ट दाखवला, मधली सगळी माणसं लाल पेनने खोडलेली. बराच वेळ बघून म्हणाले, अरे, हा जहाजवाला खोडलास तो मीच की. बाबांना बिझनेस कळत नाही.

२ फेब्रुवारी
माल निघाला. दिवसातून सहा वेळा ट्रॅकिंग बघतो. बाबांच्या शर्टाची बटणं हल्ली ही लावून देते. काजं फार लहान करतात आजकाल.

२६ फेब्रुवारी
कंटेनर मधल्याच कुठल्यातरी बंदरात उतरवून ठेवलाय. पुढच्या जहाजात जागा नाही. ताईचा फोन. म्हणाली, मी पैसे पाठवते, आजच्या आज दुकानातून उचलून आण. तिला समजावलं की भावनेच्या भरात बाजार बिघडतो. फोन मध्येच कट झाला. रेंजचा प्रॉब्लेम असावा.

१९ मार्च
दुकानदाराने रस्त्यावरून आत बोलावलं. नवा माल महाग येणार, जुन्या भावाचा एकच डबा राहिलाय, काकांसाठी बाजूला काढलाय, आत्ताच घेऊन जा म्हणाला. "शेवटचा एकच" ही युक्ती मी ओळखून आहे. मग विचारतो, काकांचे हात कसे आहेत? आता घरगुती चौकशाही. मी म्हटलं, उत्तम.

बाबा कप अर्धाच भरून मागतात. चहा कमी केला, चांगलंच आहे.

२ एप्रिल
दुपारी बाबांच्या खोलीतून चिमटा पडल्याचा आवाज येतो. आज मोजला. अकरा वेळा. टेबल उतरतं असणार, पायाखाली पुठ्ठा घालायला हवा.

११ एप्रिल
कस्टम्सवाले विचारतात, हे खेळणं की शोभेची वस्तू? दोन्हींची ड्युटी वेगळी. कागदपत्रांसाठी एजंट गाठावा लागला. तो मधला माणूस आहे, पण आपला आहे. गोदामभाडं धरून डबा पडतोय तीन हजार नऊशेला. तरी नऊशे वाचले.

२९ एप्रिल
ट्रकभाडं धरून चार हजार सहाशे पन्नास. दीडशे म्हणजे काही कमी नाहीत. ही म्हणाली, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. ऐकलं नाही असं दाखवलं.

बाबांनी पुठ्ठा काढून टाकला. म्हणाले, टेबल सरळच आहे रे.

७ मे
डबे आले! बाबा माझ्याआधी दाराशी. पहिला डबा उघडला. जहाजाच्या पोटाच्या दोन बाजू जोडायच्या असतात, डावी आणि उजवी. दोन्ही डाव्या निघाल्या. दुसरा उघडला. दोन्ही डाव्या. चोवीसच्या चोवीस उघडले. अठ्ठेचाळीस डाव्या बाजू. बाबा म्हणाले, हे जहाज गोल गोल फिरेल. आणि खूप हसले.

८ मे
कारखान्याचं उत्तर आलं: सगळा माल आपल्या खर्चाने परत पाठवावा. दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, याच लॉटचे डबे जानेवारीत त्याच्याकडेही आले होते. उघडून बघितले, डिस्ट्रिब्युटरला परत केले, आठवड्यात बदलून मिळाले. तो टोमणा मारेल म्हणून वाट पाहिली. मारला नाही. बाजूला ठेवलेला डबा काढून दिला. जुन्याच भावात. डब्यावर त्याच्या अक्षरात चिठ्ठी होती: तपासला, ३१२ बरोबर. इंजिनरूमवाले काका.

९ मे
बाबांनी साबणाने हात धुतले. खुर्ची ओढून बसले. पहिला तुकडा चिमट्यात धरला. पडला. परत धरला. पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा मी खाली वाकून शोधायच्या निमित्ताने बराच वेळ टेबलाखालीच राहिलो. वर आलो तर बाबांनी दोन्ही हात मांडीवर घेतले होते, एकाने दुसरा दाबून धरलेला. म्हणाले, तू कर, मी सांगतो.

मी करणार. त्यात काय आहे.

१२ मे
धुराडं उलटं चिकटलं. काढायला गेलो तर मोडलं. डेकवर माझ्या अंगठ्याचा ठसा, तो घासूनही जात नाही. बाबा म्हणाले, राहू दे. डब्यावरचं चित्र छान आलंय.

चित्र बाहेर येईल असा डबा खिडकीत उभा केला. बाबांनी टेबलावर अंथरलेला कागद उचलायला सांगितला. चिमटा हिने कपाटात ठेवला.

संध्याकाळी ताईचा फोन आला. विचारत होती, शेवटी कितीला पडलं? मी फोन हिच्या हातात दिला.