कैरोला अडकलेलं विमान

प्रिय सासूबाई,

गेलेल्या माणसाला कुणी पत्र लिहितं का? पण उद्या सकाळी मी नंदूला घेऊन सांताक्रूझहून विमानात बसणार आहे आणि माझे हातपाय आत्तापासूनच गार पडलेत. अंधेरीच्या या घरात सांगू कुणाला? जाऊबाई म्हणतात, "अगं, लंडनला निघालीस ना? मग रडतेस काय!"

यांनी तिकडे बिऱ्हाड केलंय. पत्रात लिहिलंय: साडेचार हजार मैल, थांबे धरून तीस तास. वाटेत कैरो, रोम. कैरो! एवढं वाचलं आणि पत्र मिटून ठेवलं.

दोन वर्षांपूर्वी तुमच्या दुखण्याची तार केली आणि हे लंडनहून विमानाने निघाले. तुम्ही विचारलंत, "किती वेळ लागतो गं?"

"तीस तास."

तुमचं औषध दर सहा तासांनी. "म्हणजे पाच डोस," तुम्ही म्हणालात. "घेईन मी पाच." एरवी चमचा दिसला की तोंड फिरवायचात. त्या वेळी मात्र मी बाटली हलवायच्या आधीच आ करायचात.

चौथ्या डोसानंतर शेजारचे जोगभाऊजी सायकलवरून विमानतळावर चौकशी करून आले. मला जिन्यातच थांबवलं. "वहिनी, विमान कैरोला अडकलंय. इंजिन बिघडलंय. उद्यापर्यंत तरी काही खरं नाही."

मी घाबरले हो! तेच हवेत बिघडलं असतं तर? आणि तुम्हाला सांगितलं तर? डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का नको. मी पदराने तोंड पुसलं, आत आले, वेळ झाल्यावर पाचवा डोस दिला.

"उतरला का वसंता?"

"उतरले. सामान सोडवून घेतायत."

काय चेहरा झाला तुमचा! "मग मला बसती कर. केस विंचर." उशांना टेकून तुम्ही दाराकडे बघत बसलात. मी केस विंचरून दिले. रस्त्यावर मोटार वाजली की तुम्ही मान उचलायचात. मोटार पुढे जायची.

बऱ्याच वेळाने म्हणालात, "सामान सोडवायला इतका वेळ लागतो होय गं?"

मी तुमची उशी सारखी करायला वाकले. तुम्ही माझा हात धरलात. आणि तशाच, बसल्या-बसल्या, ऊन उतरायच्या आत गेलात.

का धरलात हात? कळलं होतं का तुम्हाला? मग एकदा रागवायचं तरी होतं मला!

हे दुसऱ्या दिवशी पोचले. बूट न काढताच विचारलं, "आईने माझी आठवण काढली?" माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यांना शुद्धच नव्हती." हे दुसरं खोटं. पहिलं भीतीपोटी तुमच्यासाठी बोलले. हे स्वतःसाठी.

उद्या खाली नुसता समुद्र असेल. नंदूला वरच ताप चढला तर? पंखेच थांबले तर? पण खरं सांगू? त्याहून मोठी भीती उतरल्यावरची आहे. तिथे आम्ही तिघंच. यांच्या समोर बसून रोज जेवायचं आणि हे पोटात ठेवायचं, ते मला जमणार नाही.

म्हणून शब्द देते. पोचल्या दिवशीच यांना सांगेन: आई शुद्धीत होत्या, तुमचीच वाट बघत होत्या आणि तुम्ही उतरलात असं मी त्यांना खोटं सांगितलं. मग हे माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत तरी चालेल. तुम्ही दाराकडे बघत गेलात, ते बघणं यांच्यासाठी होतं. मी ते यांना देऊन टाकेन.

तुमची भित्री सून,
सुमती