अंगणातला उलटा जिल्हा

गुरुजी, मी तुमच्या त्या चार घरांच्या टोलीवरच्या शाळेतली ती बडबडी पोरगी. दुसऱ्या ओळीत बसायची आणि तुम्ही विचारायच्या आधी उत्तर सांगून मोकळी व्हायची. आता मी गोंदिया डेपोत कंडक्टर आहे, म्हणजे बडबड काही वाया गेली नाही. लिहायची सवय मात्र मोडली, तिकीटसुद्धा हल्ली मशीनच छापतं. आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं हाही प्रश्नच आहे. तरी आज सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून लिहिते आहे. बसले तर उठून जाईन.

झालं असं की माझ्या लेकीला शाळेतून आपल्या जिल्ह्याचा नकाशा काढून आणायला सांगितला होता. ती चौथीत आहे. आम्ही गोंदियाजवळ मुर्रीला राहतो, त्यामुळे तिची बोली अर्धी हिंदी. मी म्हटलं, आण इकडे तो कागद. हा जिल्हा मी रोज तुडवते, मला कोण शिकवणार? झरझर रेघा ओढल्या. देवरी, गोरेगाव, तिरोडा, नवेगावचा तलाव, इटियाडोहाचं धरण, सगळं जागच्या जागी. लेक बघत राहिली आणि फिसकन हसली. "मम्मी, उलटा काढला तू! अर्जुनी नीचे राहते ना!" मी कागद फिरवून पाहिला आणि माझ्याच जिल्ह्याची मला ओळख पटेना. खाटेवर बसलेले माझे बाबा हे सगळं ऐकत होते. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला आणि पुन्हा उचललाच नाही.

मला आपल्या शाळेचं अंगण दिसलं, गुरुजी. दिवाळी होऊन गेली आहे, धान कापून झालं आहे, मंडईच्या जत्रेतल्या नाटकांच्या जागरणानं आम्ही सगळे पेंगतो आहोत, आणि तुम्ही पायरीवर उभे राहून टाळी वाजवता आहात. "आपण आता भंडारा जिल्ह्यात नाई राहिलो, गोंदिया जिल्हा येगळा झाला. जुनं पुस्तक मिटवा. नवा नकाशा ऑफिसातून येऊन राहिला आहे, तवरक आपणच जिल्हा बनवू." जिल्हा कसा बनवतात हे आम्हाला कुठं ठाऊक? पण पुस्तक मिटवायचं म्हटल्यावर आमचा आनंद गगनात मावेना. प्रत्येकानं आपल्या धानाच्या बांधीतली माती टोपलीनं आणली. तुम्ही दोरी लावून सीमा आखली, आम्ही चिखल तुडवून डोंगर केले. तलावांच्या जागी तेलाच्या डब्यांची झाकणं पुरली, रेल्वेसाठी सुतळी टाकली. कलेक्टर गोंदियाला बसणार म्हणून तिथं विटेचा तुकडा ठेवला. मग हापशीचं पाणी आणून नद्यांत सोडलं.

आपल्या शाळेचं तोंड दक्षिणेला. तुम्ही म्हणालात, "उत्तर तिकडंच ठेवा जिकडं ते आहे. जमिनीशी लबाडी नाई करायची." म्हणून गोंदिया आलं अगदी पायरीपाशी आणि अर्जुनी मोरगाव गेलं पार समोर, बेशरमाच्या झुडपांच्या कुंपणाजवळ. पायरीवर बसलं की देवरी डाव्या हाताला, भंडारा उजव्या हाताला. आम्ही रोज तिथंच बसून धडे म्हणत होतो. आपापल्या घराच्या जागी धानाचा एकेक दाणा खोचायचा असं तुम्ही सांगितलंत. आठवड्याभरानं आमची टोली उगवून हिरवी झाली. सरकारच्या कागदावर आमची टोली कधी दिसलीच नव्हती, ती मोठ्या गावातच धरायचे. तुमच्या जिल्ह्यात मात्र ती लांबूनही दिसत होती.

तुमचं स्वतःचं गाव चुलबंद नदीच्या काठी, भंडाऱ्याकडच्या बाजूला राहिलं होतं. खुरप्यानं सीमा कापल्यावर बाहेरची माती आम्ही टोपल्यांत भरायला लागलो, तेव्हा एक ढेकूळ तुम्ही उचलू दिलं नाहीत. "हे राहू द्या. माहा गाव आहे." आम्ही खूप हसलो. जिल्ह्याच्या बाहेर एकटं पडलेलं ढेकूळ! लंगडी खेळताना आम्ही त्याच्यावरून उडी मारायचो आणि ओरडायचो, गुरुजींचं गाव आलं, गुरुजींचं गाव गेलं. तुम्हीही हसायचात. पण पाणी सोडताना एक गडू तिकडेही रिकामा करायचात, ते मी पाहिलं होतं.

त्याच वर्षी तालुक्याला निवासी शाळेची परीक्षा होती. ती शाळा म्हणजे काय चीज आहे हे टोलीवर सगळ्यांना माहीत होतं. वसतिगृह, दोन वेळचं जेवण आणि बारावीपर्यंतची सोय. आमच्या टोलीवर चौथीच्या पुढं शाळाच नव्हती. पाचवीला जायचं तर जंगलातून मोठ्या गावापर्यंत चालत जावं लागे, आणि पोरींना तिकडं कोणी पाठवत नसे. माझ्या बाबांनी मनात पक्कं धरलं होतं की ही पोरगी त्या शाळेत जाणार. फोटोसमोर मेणबत्ती लावून मला परीक्षेला नेलं होतं. पेपरात जिल्ह्याचा रिकामा नकाशा आला आणि आम्ही सगळे खूश झालो. पायरीवर बसल्यासारखा कागद समोर धरला. जवळ ते गोंदिया, लांब ते अर्जुनी. खाली गोंदिया लिहिलं, वर अर्जुनी लिहिलं, देवरी डावीकडं ठेवली. प्रश्नही सगळे त्याच नकाशावरचे होते. कोणती नदी कुठं वाहते, कोणता तालुका कुणाच्या शेजारी. कागदावर उत्तर दिशा नेहमी वर असते हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण कागदावरचा नकाशा आम्ही पुस्तकासोबत मिटवून ठेवला होता.

टोलीतलं एकही पोर निवडलं गेलं नाही. बाबा विचारायला गेले तेव्हा तिथला एक बाबू हसून म्हणाला, तुमच्या पोरांनी तर अख्खा जिल्हा उलटा टांगला आहे. बाबा बसची वाटही न पाहता पायी परत आले. तुम्ही संध्याकाळी आपणहून आमच्या घरी आलात. एरवी तुम्ही आलात की बाबा जयभीम म्हणायचे, आणि तुम्ही आमच्यातले नसूनही तेवढ्याच मोकळेपणानं जयभीम म्हणायचात. त्या दिवशी बाबांनी हात जोडले नाहीत. "गुरुजी, आमी अनपड आहो. जिल्हा उलटा का सुलटा, आमाले काय समजते? म्हणून तर पोरगी तुमच्या हाती देल्ली. तुमी तिले उलटा काऊन शिकवला?" तुम्ही उभेच होतात. "माही चूक झाली. कागदावर एकदा काढून घेतलाच नाई मी." बाबा म्हणाले, "आता हे पोरगी जल्मभर चिखलात रोवणाच करन." आईनं चहा आणला होता, तो तसाच तिच्या हातात राहिला. मी दाराआड उभी होते. मला वाटत होतं तुम्ही काहीतरी उलट बोलाल, नकाशा पाठवला नाही त्या ऑफिसला शिव्या घालाल. तुम्ही फक्त मान हलवली आणि गेलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही फावडं घेऊन जिल्हा सपाट केलात. पुढं तुमची बदली झाली. सरकारी नकाशा आला तो त्यानंतर. गुळगुळीत, रंगीत, खाली-वर लाकडी पट्ट्या लावलेला. मी तोवर शाळेतून निघाले होते आणि आईबरोबर धानाच्या रोवण्याला जाताना तो खिडकीतून पाहिला होता. गुडघाभर चिखलात उभी राहून परे लावताना मी मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घातल्या, गुरुजी, एक सोडली नाही. मधली वर्षं सांगत बसत नाही. मावशीनं मला दवनीवाड्याला नेलं आणि तिथून उशिरा का होईना शिकले. एकदा टोलीवरची शेजारीण तिथं आली होती, ती मावशीला सहज म्हणाली, "ते उलट्या जिल्ह्याचे गुरुजी वारले म्हणतात." इतकी वर्षं शिकवून माणसाचं नाव काय राहिलं, तर उलट्या जिल्ह्याचे गुरुजी. तेव्हा मला राग आला की वाईट वाटलं हे आजही सांगता येत नाही.

नकाशा काढला त्या रात्री लेक झोपल्यावर बाबा म्हणाले, "मास्तर खोटा नव्हता वं. जमिनीवर तं जिल्हा बरोबरच होता. मीच लय बोललो." मी म्हटलं, मग त्यांना सांगायचं होतं. ते म्हणाले, "कोणत्या तोंडानं सांगू?" आणि भिंतीकडं कूस वळवली. दोन दिवसांनी अर्जुनीची ड्युटी होती. गाडीला परतायला अवकाश होता, तेवढ्यात कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून टोलीला जाऊन आले. अंगणात आता सिमेंटचे ठोकळे बसवले आहेत. पोरं बोटांवर मोजण्याइतकी, शाळा मोठ्या गावच्या शाळेत मिसळणार असं म्हणतात. मी पायरीवर बसले, समोर पाहिलं. अर्जुनी समोर, गोंदिया माझ्या पाठीशी, चुलबंद उजवीकडं. तुमचा जिल्हा बरोबर होता, गुरुजी. आणि आमची उत्तरं चूक होती. दोन्ही खरं आहे, आणि त्यातलं कुठलंच मला तुम्हाला सांगता आलं नाही याचं फार वाईट वाटतं. तुम्ही ती चूक एकट्यानं घेऊन गेलात. निदान इतकं तरी पाहायला हवं होतंत, की त्या पोरीला आज साऱ्या जिल्ह्यात रात्री डोळे मिटूनसुद्धा कुठलं वळण आलं ते कळतं. डेपोत मी अजूनही म्हणते, अर्जुनीहून खाली गोंदियाला आले. ड्रायव्हर हसतात, "मॅडम, गोंदिया तो ऊपर है." मी म्हणते, असेल बापा, तुमच्या कागदावर असेल.

राग गेला असं लिहायला घेतलं होतं. लिहून पाहिलं, पण पूर्ण गेलेला नाही. थोडा उरला आहे, आणि तो तुमच्यावर आहे की त्या उशिरा आलेल्या नकाशावर, ते मला निवडता येत नाही.

हे एवढं लिहून कागद कामाच्या पिशवीत ठेवला होता. पुढचं आता लिहिते आहे. या आठवड्यात मला लाखांदूरची ड्युटी लागली आहे. ती गाडी तुमच्या गावाला थांबते. फाट्यापासून तुमचं घर जवळच आहे आणि तुमचा मुलगा तिथं राहतो, हे मी मागेच विचारून घेतलं आहे. आज गाडी थांबली. एक म्हातारी गाठोडं सांभाळत सावकाश उतरली. "होऊ दे बाई, सावकाश," मी म्हटलं. ती उतरून रस्ता ओलांडून गेली तरी मी कागदाच्या पिशवीवर हात ठेवून दारातच उभी होते. ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं. मी गाडी सोडायची डबल बेल दिली.