पिकअप पूर्वीच्या उंचीवर आणून देण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षं अडुसष्ट, धंदा रोपवाटिका, राहणार शेडच्या वरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं वकीलबाईंनी सांगितलं आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. राग आहे, आणि तो नीट जपून ठेवलेला राग आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, तेव्हा रद्द करण्यासारखं काही नाही.

मला मूलबाळ नाही. यजमान जाऊन बराच काळ झाला. मागे उरलेली माणसं तीन. एक माझे धाकटे दीर, धंद्याने मेकॅनिक, ज्यांना वर्कशॉपच्या रस्त्यावर सगळे उस्ताद म्हणतात, कारण त्यांनी तसं म्हणायला लावलं आहे. दुसरी त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ. तिसरी त्यांची मुलगी, माझी पुतणी. ती शिकून-सवरून माझ्याकडे कुंड्या भरायला आली, याचा तिच्या बापाला अजून धक्का बसलेला आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्या माझ्या गुलाबांच्या जुन्या गिऱ्हाईक आहेत आणि दिरांच्या आवाजाला घाबरत नाहीत.

कलम १. घर, शेड, रोपवाटिकेची जागा, सगळी रोपं, कुंड्या, पाण्याची मोटर आणि बँकेत असेल ती शिल्लक माझ्या पुतणीला द्यावी. शेडच्या दारावरचा सिमेंटचा लिंटेल तिने तिच्या हयातीत फोडू नये, फोडू देऊ नये. याचं कारण कलम ३ मध्ये येईल.

कलम २. यजमानांची हत्यारांची पेटी त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या मेकॅनिकला, चष्मेवाल्याला द्यावी. तो न विचारता कधी पान्याला हात लावत नाही. पेटीतला चाकाचा मोठा पाना सापडणार नाही. तो दिरांनी ‘वहिनी, संध्याकाळी आणून देतो’ म्हणून नेला. ती संध्याकाळ अजून व्हायची आहे. तो पाना मी त्यांना दिला असा अर्थ कोणीही काढू नये. मेल्यानंतरसुद्धा तो माझाच राहील.

कलम ३. आता पिकअप.

ही गाडी यजमानांनी घेतली आणि तिच्यावरच मला गाडी चालवायला शिकवलं. मी बुटकी. पाय ब्रेकपर्यंत पोचेनात, तेव्हा त्यांनी सागाचे लाकडी ठोकळे तासून पेडलवर बसवले आणि सीटवर एक जाड उशी शिवून घेतली. म्हणाले, “गाडीने तुझ्या मापाचं व्हायचं. तू गाडीच्या मापाची का होतेस?” ते गेल्यावर त्याच गाडीने मला पोसलं. पहाटे रोपं भरायची, बंगल्यांना, शाळांना, दवाखान्यांना पोचवायची. मागचा हौदा माझ्या कमरेला लागायचा, त्यामुळे मोठी कुंडीसुद्धा मी एकटी चढवायची. या गाडीत बसलं की मी कोणाची विधवा वगैरे नसायची, मी कुंडीवाली असायची.

दिरांचा तिच्यावर डोळा होता. त्यांना ती डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवर मित्रांना घेऊन उडवायला हवी होती. मागितली, मी नाही म्हटलं. पुन्हा मागितली, पुन्हा नाही म्हटलं. मग मी गुडघ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात गेले आणि किल्ली त्यांच्याकडे ठेवली, अधूनमधून इंजिन चालू करावं एवढ्यासाठी. सख्ख्या दिराकडे किल्ली ठेवण्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. वावगं त्यांनी केलं.

मी काठी टेकत घरी आले तर शेडबाहेर माणसांची रांग. दीर, जाऊ, दिरांचे मित्र, अर्धा वर्कशॉप रस्ता. “वहिनी, डोळे मिटा!” मिटले. उघडले तर शेडच्या आत माझी पिकअप बांबूंवर चालणाऱ्या डोंबाऱ्यासारखी उभी. गाडी उंच करायचं लिफ्ट किट बसवलेलं. स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे, लांब शॉकप, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर. दरवाजाचा हँडल माझ्या डोक्याच्या वर.

“भाऊजी, हे काय?”

“तुमच्यासाठीच केलं, वहिनी. आता चिखलात रुतायचं नाव नाही.”

“मी चढू कशी?”

“तुम्ही कशाला चढताय आता? या गुडघ्यांनी? आराम करा. गाडी मी बघतो ना.”

हौदा माझ्या छातीच्या वर गेला होता. शेडमध्ये नजर फिरवली तर पेडलवरचे लाकडी ठोकळे काढून कोपऱ्यातल्या भंगारात टाकलेले. यजमानांच्या हातचे ठोकळे! तेवढ्यात जाऊबाईंनी रंगीत कागदात गुंडाळलेली घडीची शिडी माझ्या हातात दिली. “अगदीच वाटलं तर ही लावून बसा हं, ताई.” सगळे हसले. मी हसले नाही. त्या दिवशी मला फार रडू आलं, आणि ते मी वर खोलीत जाऊन रडले. खाली थांबून जे पाहिलं त्यामुळे मात्र आजवर जगले.

दीर ऐटीत गाडीवर चढले. हॉर्न वाजवला. गाडी सुरू करून दाराकडे आणली आणि टप थाडकन लिंटेलवर आदळला. किटचं माप घेतलं होतं, टायरचं घेतलं होतं, शॉकपचं घेतलं होतं. ज्या दारातून बाहेर पडायचं त्याचं माप घ्यायचं उस्तादांना सुचलं नव्हतं. टायरची हवा सोडून पाहिली, वरचं कॅरिअर काढून पाहिलं, मित्रांना हौद्यात बसवून पाहिलं. टप तरी वरच. सगळ्यात मोठ्याने त्यांची स्वतःची मुलगी हसली. मला तेव्हाच कळलं की माझं सगळं कोणाला द्यायचं.

“वहिनी, एवढा लिंटेल फोडतो. पुन्हा बांधून देतो,” दीर म्हणाले.

“गाडी माझी, शेड माझं, लिंटेल माझा. किट काढा, पहिल्यासारखी करा आणि मग बोला.”

“बसवलेलं किट मी काढू? लोक काय म्हणतील?”

गाडी तेव्हापासून तिथेच आहे. चष्मेवाला दोनदा येऊन गेला, “काकू, एका दिवसाचं काम आहे, उतरवून देतो.” मी नको म्हटलं. ज्यांनी चढवली त्यांनीच उतरवायची. भाड्याच्या टेम्पोने माझी निम्मी गिऱ्हाइकं तुटली. हट्टापायी धंदा बुडवला असं जाऊबाई चारचौघांत सांगतात. बरोबर सांगतात. माझा हट्ट होता, माझा धंदा होता.

कलम ४. ती घडीची शिडी मी एकदाही उघडलेली नाही. रंगीत कागदासकट ती जाऊबाईंना परत द्यावी.

कलम ५. पिकअप माझ्या पुतणीला द्यावी. रक्ताचं नातं नसताना तिने उंची मात्र माझीच घेतली. लायसन्स काढून आली त्या दिवशी तिचा बाप म्हणाला, “ब्रेकला पाय तरी पोचतो का तुझा?” भंगारातून उचललेले सागाचे ठोकळे मी तेल लावून माझ्या कपाटात ठेवले आहेत, उशीही तिथेच आहे. ते तिचे.

मात्र गाडी तिला आहे तशी देऊ नये. माझ्या दिरांनी स्वतःच्या हातांनी ते लिफ्ट किट काढावं, जुने शॉकप आणि जुनी चाकं बसवावीत आणि गाडी पूर्वीच्या उंचीवर आणावी. हाताखालचा माणूस लावल्यास ते काम धरू नये. काम दिवसाढवळ्या, शेडचं दार सताड उघडं ठेवून व्हावं, आणि त्या वेळी रस्त्यावरच्या ज्याला यायचं असेल त्याला येऊ द्यावं. सगळ्यांना चहा माझ्या शिलकेतून पाजावा. पेडलवर लाकडी ठोकळेही दिरांनीच बसवावेत. काढलेलं किट त्यांनी घरी न्यावं, ते त्यांना मी मनापासून देते.

दिरांनी नकार दिला, तर गाडी चष्मेवाल्याच्या मालकीची होईल. त्याने ती उतरवावी, आणि तिच्या दोन्ही दारांवर ‘उस्तादांना जमलं नाही, आम्ही करून दिलं’ असं ठळक रंगवून मगच ती माझ्या पुतणीला कायमची वापरायला द्यावी. तो तयार आहे. रंग त्याने आणून ठेवला आहे.

कलम ६. काम संपल्यावर माझ्या पुतणीने उशी ठेवून चालकाच्या जागेवर बसावं आणि काच खाली करावी. किल्ली तिला तिच्या बापाने बाहेर उभं राहून, खिडकीतून, हातात द्यावी. दीर चांगले उंच आहेत. गाडी आज आहे तशी असती तर त्यांना मान वर करून मुलीकडे बघावं लागलं असतं. पूर्वीच्या उंचीला किल्ली द्यायची तर त्यांना वाकावं लागेल.

वकीलबाईंनी ते वाकतात का, एवढं जातीने पाहावं.

वरील सर्व मी लिहिलं, वाचलं, मला पटलं, म्हणून सही केली.

सही: कुंडीवाली

साक्षीदार १: गुडघ्याचे डॉक्टर. सही करताना बाईंचा हात स्थिर होता आणि त्या पूर्ण शुद्धीत होत्या.

साक्षीदार २: समोरचा शिंपी, ज्याने उशी शिवली होती. मी त्या दिवशी रांगेत होतो आणि हसलो होतो. चहाला येईन.

ठिकाण: शेडचं दार, लिंटेलच्या खाली
तारीख: नऊ मार्च