जनीचं कार्ड

सुजय,

काल तुझ्या पेणच्या ओटीवर वकिली शिकणाऱ्या पोरांमागं मीपण बसलो होतो. तू त्या जुन्या अमेरिकन वकिलाचं सांगत होतास. तो राहत्या घरी पोरांना कायदा शिकवायचा, एका गुलाम बाईच्या सुटकेसाठी कोर्टात उभा राहिला. पोरं टाळ्या वाजवत होती आणि तुझी कामवाली जनी चहाचा ट्रे धरून उभी होती.

टाळ्या थांबल्यावर ती बोलली, "दादा, माझं आधार कार्ड द्या. धरमतरला लेक बाळंत झालीय. दोन दिस जाऊन येते."

तू हसलास. "कपाटात हाय ते बरं हाय. हातात दिलं तर परत येशील काय गो?"

पोरंपण हसली. मी तुझा चहा न पिताच ट्रेमध्ये परत ठेवला. किळस आली.

आज तू कोर्टात गेल्यावर कपाट मीच उघडलं. कार्ड जनीच्या हातात दिलं, वडखळपर्यंत सोबत गेलो आणि तिला एसटीत बसवलं. परत येशील काय, असं मी विचारलं नाय.

हे पत्र पोस्टात टाकणार नाय. तू तेपण पोरांना वाचून दाखवशील आणि टाळ्या घेशील.

नाथाकाका, रोहा