लीटियाताईची मुलगी

मंगळवार, ९ एप्रिल

निघाले एकदाची. दवाखान्यातून बाहेर पडताना नर्स म्हणाली, "इतकी तान्ही पोर घेऊन विमानात? जपून हं." या बर्फाच्या मुलखात, इकालुइतमध्ये नवी आहे बिचारी. आमच्या गावात बाळंतपणं होत नाहीत, सगळ्याच जणी अशा ओल्या बाळंतिणी होऊन विमानानं परततात — तिला कोण सांगणार.

पोरगी अमाउतीत आहे, अंगरख्याच्या पाठीवरच्या खोळीत. मानेला तिचा श्वास लागतो.

ही लीटियाताईची. पोटात होती तेव्हाच शब्द दिलाय. ताईची कूस उजवली नाही आणि मला तीन आहेत. आम्हा इनुइटांत असं मूल देतात, त्यात नवल नाही. म्हणूनच ठरवलं होतं — अंगावर पाजायचं नाही. लळा लागतो. बाटल्या घेतल्यात बरोबर.

विमान वर चढलं तशी ही रडायला लागली. लालबुंद. बाटली तोंडात घेईना. मागचा म्हातारा म्हणाला, "पोरी, कानात दडे बसलेत तिच्या. घे की जवळ. आम्ही काय बघतोय का?"

घेतलं. गप्प झाली.

मी उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

बुधवार, १० एप्रिल

वाटेतल्या पांग गावात अडकलोय. पुढचं विमान कालच रद्द झालं. नवऱ्याची मावशी उलीपा इथलीच, तिच्या घरी आहोत. वारा इतका, की घर हलतंय.

बाटल्या पिशवीतच.

गुरुवार, ११ एप्रिल

उलीपामावशीनं कॅरिबू हरणाचा रस्सा केला, वाडगा संपेपर्यंत समोरून हलली नाही. मग पोरीला मांडीवर घेतलं.

"कोणाची ही?"

"ताईची."

"मग तू का रडतेस?"

मी रडत नव्हते. म्हणजे, नव्हते असं मला वाटत होतं.

मावशी म्हणाली, "मलाही दिलं होतं. चुलतीला. एका घरी ओरडा बसला की दुसऱ्या घरी जेवायला जायचे. दोन्हीकडे भरपूर खाल्लं, बघ की अंगावर दिसतंय." आणि पोट धरून हसली.

"आणि तुमची आई?"

हसायची थांबली. "ती जन्मभर दारातच बसायची. मी रस्त्यानं जाताना दिसावी म्हणून."

मला धीर द्यायला सांगत होती का सावध करायला, कळलं नाही.

शुक्रवार, १२ एप्रिल

वारा पडू नये असं मनात आलं. देवा, माफ कर. घरी तीन पोरं वाट बघतायत.

ताईचा फोन. बराच वेळ हवामानाचंच बोलली. मग म्हणाली, "पाजतेस ना तिला?"

"हो."

"बरं केलंस. मी काही मागणार नाही हं. तू फक्त सुखरूप ये."

यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

शनिवार, १३ एप्रिल

लख्ख ऊन. निघताना मावशीनं पोरीच्या गालाला नाक लावून हुंगलं, आमच्यातला मुकाच तो, मग मलाही.

आमच्या धावपट्टीवर निम्मं गाव आलेलं. पोरं येऊन पायांना बिलगली. नवऱ्यानं पिशव्या घेतल्या, नजरेला नजर दिली नाही. ताई सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून. नवी अमाउती घातलेली, खोळ रिकामी. पुढे येईना.

मी ठरवलं नव्हतं, शेवटपर्यंत. चालत तिच्याजवळ गेले आणि तिच्याकडे पाठ केली.

"काढ तिला. माझा हात पोचत नाही."

किती वेळ काहीच झालं नाही. मग पाठ हलकी झाली.

रविवार, १४ एप्रिल

सकाळी ताई दारात. पोरगी माझ्याकडे देत म्हणाली, "भुकेली आहे. रोज आणत जाईन, तीन वेळा." मी पाजायला घेतलं. तेव्हा म्हणाली, "नाव ठेवलं. मियालिया."

आमच्या आईचं. मागच्या हिवाळ्यात गेली ती.

ज्याचं नाव द्यावं त्याच्याच नात्यानं हाक मारायची, ही आमची रीत. ताई वाकली, तिच्या गालाला बोट लावून म्हणाली, "आई, सावकाश पी गं." मग माझ्याकडे बघितलं. मीही म्हटलं — आई.