रामदासदादांचा प्रॉपर टाइम

४ नोव्हें., मंगळ.
मोठ्या कंपनीचा ऑडिटर आमच्या वर्कशॉपवर येऊन गेला. दारात उभं राहून स्टॉपवॉच लावलं. रामदासदादांना एका जॉबला, म्हणजे एक पार्ट कातून काढायला, अकरा मिनिटं. "प्रॉपर टाइम सात आहे, शेट. यांना लेथवरून काढा, नाहीतर ऑर्डर..." शनिवारी परत येणार.
मला लेथ चालवायला दादांनीच शिकवलं. त्याआधी भोसरीत चहाच्या टपरीवर कप विसळत होतो. त्यांना स्टोअरमध्ये बसवायचं?

५, बुध.
दादांना अकरा सांगितले. "न्हाई दत्ता, सातच व्हत्यात. हात थांबतोय व्हय माझा?" चारचौघांत शेट म्हणतात, एकट्यात दत्ता. खोटं बोलणारा माणूस नव्हे. मग चार मिनिटं गेली कुठं?

६, गुरु. सुट्टी.
लेक मुक्ता कॉलेजात फिजिक्स शिकवते. पोहे खाताना तिला विचारलं, प्रॉपर टाइम ठरवतं कोण? हसायलाच लागली. तिच्या पुस्तकात हाच शब्द, पण अर्थ 'योग्य वेळ' नाही. स्वतःचा वेळ. सुरुवातीला आणि शेवटाला जे घड्याळ तिथंच हजर, त्याचा. बाजूनं सुसाट जाणाऱ्याला तोच वेळ जास्त भरतो म्हणे.
"म्हणजे दादांचे सात, साहेबाचे अकरा. जमलं की!"
"बाबा, त्यासाठी साहेबाला प्रकाशाच्या पाऊणपट वेगानं पळावं लागेल. तो दारात उभा होता ना?"
होता. नाही जमलं.
पण शब्द डोक्यातून जाईना. आपण विचारतोच की, प्रॉपर कुठले? दादा प्रॉपर देहूचे. त्या 'प्रॉपर'मध्ये कुठं असतो 'योग्य'? मूळचे, इतकंच.

७, शुक्र.
लेथला खेटून उभा राहिलो. सातव्या मिनिटाला जॉब उतरला. मग दादांनी कडेवर कानस फिरवली, बोट फिरवलं, परत कानस. ड्रॉइंगमध्ये हे नाहीच.
"हे धरता का वेळेत?"
"ह्यात काय धरायचं? धार कुणाच्या तरी बोटाला लागंल."
चार मिनिटं सापडली. साहेबाला सांगायची कशी?

८, शनि.
सांगितलंच नाही. साहेबाला दारातून आणून लेथशेजारी उभं केलं. "इथून मोजा."
दादांनी जॉब पुसून त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं कडेवरून बोट फिरवलं. परत फिरवलं.
"किती झाले?" मी.
त्यानं स्टॉपवॉच बघितलं. पळतच होतं. दाबायचं विसरला गडी.
"सोमवारी कळवतो, शेट."
हो नाही, ना नाही. पण जाताना दारात थबकला. कान होतेच माझे तिकडं. दादांना विचारत होता, "काका, तुम्ही प्रॉपर कुठले?"